तीन बोटांची साथ

सिकंदराबाद,
१२ जुलै १९९३

ती. मामा,

तुमच्या आणि मामीच्या पायांवर इथूनच डोकं ठेवते. बाळ आता मान धरायला लागलं आहे. आवाज झाला की त्या बाजूला वळतं. परवा पातेल्यावर झाकण पडलं, तर रडायच्या ऐवजी कान देऊन ऐकत राहिलं. तुमच्यावर गेलंय म्हणायला हरकत नाही.

बारशाला तुम्ही आला नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. ज्वारीची मळणी होती हे मामीनं कळवलं होतं. पण आई गेल्यावर ज्या घरानं मला वाढवलं, त्या घरातलं कुणीच माझ्या बाळाच्या पाळण्याजवळ नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे मलाही चुडाव्याला येता येत नाही.

मी पुन्हा शाळेत संगीत शिकवायला जाते. शाळेत आता पेटी नाही, विजेवर चालणारा कीबोर्ड आणलाय. कंपनी कुठलीही असो, इथं सगळे त्याला कॅसिओ म्हणतात. डाव्या बाजूच्या पट्ट्यांवर दोन-तीन स्वर एकदम दाबले की यंत्र ओळखतं की हा अमुक मेळ, आणि तेवढ्या मेळात बाकीची सगळी साथ आपण होऊन वाजवतं. ठेका, खर्ज, तंतुवाद्य, सगळं. उजव्या हातानं आपण चाल वाजवायची. मुलं खूश असतात.

एक विचारायचं होतं. तुम्ही सप्ताहात वाजवायचात ती गवळण मला गॅदरिंगला बसवायची आहे. तिचा अंतरा वरून कसा उतरतो ते नीट आठवत नाही. स्वर लिहून पाठवाल का?

तुमची,
कोकिळा


चुडावा, जि. परभणी
३० जुलै १९९३

चि. कोकिळा,

पत्र पोचलं. बाळाला आमचे आशीर्वाद. इकडं पाऊसपाणी ठीक हाय. मूग बरा आलाय. तुझी मामी बरी हाय.

गवळणीचा अंतरा मला आता आठवत न्हाई. पेटी माळ्यावर टाकलीय. भाता गळायलाय. भजनाला जायला फुरसत मिळत न्हाई. किशनरावदादानं त्याच्या गाण्याला मंडळात दुसरा पेटीवाला आणलाय, बरा वाजवतो म्हणतेत.

तुझ्या यंत्रात साथ आपोआप येते म्हणतेस. मग आता मामाला काय विचारायचं बाई?

प्रकृतीला जप.

चंद्रभान


सिकंदराबाद,
१४ ऑगस्ट १९९३

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे ऑफिसातून आले तेव्हा त्यांना वाटलं गावाकडून काही वाईट बातमी आली.

तुम्ही रागावला आहात हे मला कळतंय. मी पेटी सोडून यंत्रावर बसले, साथ विकत घेतली, असं तुम्हाला वाटतं. पण मामा, माझ्या उजव्या हाताला जे काही येतं ते तुम्ही बसवलेलं आहे. तुमच्या मांडीला मांडी लावून, ओट्यावर, मी चुकले की तुम्ही फक्त भाता थांबवायचात. बोलायचा नाहीत. ते मी कुठल्या यंत्राला देऊन टाकणार आहे का?

आणि तुम्ही पेटी माळ्यावर टाकता म्हणजे काय? एवढी वर्षं किशनरावमामांच्या आवाजाला तुमच्याशिवाय कुणी साथ केली नाही. भाता गळतोय एवढ्यावरून? इथं चारमिनारजवळ पेट्या दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडून भात्याचं चांगलं कापड आणि सरस घेतलाय. यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ नांदेडला येतात, त्यांच्याबरोबर पाठवते आहे. तुम्ही स्वतः बसवा. तुमच्या हातासारखा भाता कुणी बसवत नाही.

कोकिळा


चुडावा,
२ सप्टेंबर १९९३

कोकिळा बाई,

मी केशरबाई, तुजी मामी, लिवायलेय. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर समजून घे. तुज्या मामाला म्हाईत न्हाई.

भात्याचं कापड आलं. त्यांनी पुडकं उघडलं, कापड मांडीवर घेऊन लय येळ बसले. मंग मला म्हणले, "माळ्यावर ठेव." जेवले न्हाईत.

बाई, ते तुज्यावर रागवले न्हाईत. त्यांचा डावा हात ग्येला. कोपराच्या खालून. शिमग्याच्या आधी, मळणी यंत्रात. तू तवा बाळंतपणाला टेकली हुतीस, म्हणून त्यांनी शपथ घातली की पोरीला कळवायचं न्हाई. मंग कळवायचं राहूनच ग्येलं. मळणी हुती म्हणून बारशाला आलो न्हाई असं लिवलं, ते खोटं न्हवतं, पण खरं बी न्हवतं.

कसं झालं ते सांगते. आपलं रान रुळाला लागून. कडब्याच्या पेंढीसंगं हात आत ग्येला. मी वरडायलेय अन् कुणाला काय सुचंना. सिताराम तुला आठवतो का, आपल्या गावचाच, बौद्धवाड्यातला, रेल्वेत गँगमन हाय, ढोलकी वाजवतो तो. तो रुळावर काम करायला हुता. पळत आला, पट्टा पाडला, डोईचा रुमाल सोडून दंड आवळून बांधला. नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी न्हाई. तेवढ्यात मालगाडी आली. त्यानं लाल झेंडा दावून मालगाडी थांबवली बाई! डायव्हर शिव्या द्यायला खाली उतरला अन् ह्यांना बघून उचलायला लागला. इंजिनात घालून नेलं. डाक्टर म्हणले, आणखी उशीर झाला असता तर माणूस ग्येला असता. सितारामाला मंग साहेबानं कागद दिला, गाडी कामून थांबवली म्हणून. त्यानं आमाला कंदी सांगितलं न्हाई. दुसऱ्याकून कळलं.

पेटी एकदा वाजवून बघितली. मी भाता मारला अन् ते पट्ट्या धरायले. न्हाई जमलं. मी जोरात मारला की सूर वरडायचा, हळू मारला की मरायचा. हे म्हणले, "केशर, श्वास दुसऱ्याच्या नाकातून घेतल्यावानी हुतंय." तवापासून पेटी माळ्यावर हाय.

आता घरातून भायेर निघत न्हाईत. रानात जातेत ते अंधाराचं, कुणी बोलू न्हाई म्हणून. तुला सांगितल्याचं त्यांना सांगू नको, सांगायचं तर सांग. मला काय समजंना.

तुजी मामी


सिकंदराबाद,
१६ सप्टेंबर १९९३

ती. मामा,

मला मामीनं कळवलं. तिच्यावर रागावू नका.

भात्याचं कापड मी तुम्हाला पाठवलं, आणि वर लिहिलं की तुमच्या हातासारखा भाता कुणी बसवत नाही. ते वाक्य आठवलं की दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

मला काही शहाणपण शिकवायचं नाही. हे पुढच्या आठवड्यात नांदेडला कामासाठी येणार आहेत, तिथून तुमच्याकडे येतील. बरोबर एक कीबोर्ड आहे. इथल्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं नवीन घेतला म्हणून जुना मला दिला. याला भाता नाही. श्वास विजेचा आहे, वीज गेली तर सेलवर चालतो. तुम्ही फक्त एकदा हात ठेवून बघा.

सितारामभाऊंना माझा नमस्कार सांगा. समोर असते तर काय बोलले असते माहीत नाही.

कोकिळा


चुडावा,
१० ऑक्टोबर १९९३

चि. कोकिळा,

दिनकरराव येऊन गेले. जावई माणूस, पण स्वतः ओझं खांद्यावर घेऊन स्टेशनापासून चालत आले, मला संकोच वाटला. त्यांनी सगळं लावून दाखवलं. तेवढ्यात तो भूकंप झाला. आपल्याकडं मांडणीवरची भांडी हालली तेवढंच, पण लातूरकडच्या बातम्या ऐकून आठ दिवस कुणाच्या तोंडात घास जायना. त्यामुळं पत्र लांबलं.

यंत्र चांगलं हाय. सूर स्वच्छ लागतो, दम लागत न्हाई. पण ते माझ्यासाठी न्हाई बाई. डाव्या बाजूला मेळ दाबायचा, उजवीकडं चाल वाजवायची, असं ते दोन हातांच्या माणसाचं हाय. मी उजव्या हातानं आधी डावीकडं मेळ धरला, साथ सुरू झाली. मग तोच हात उचलून चालीवर नेला. चाल पुढं गेली तरी साथ आपली खुंट्याला बांधल्यावानी एकाच मेळावर. बदलायला गेलो की चाल तुटते. साथ अन् ठेका बंद करून नुसती चाल वाजवली, तर उघड्या माळावर एकट्यानं बोलल्यासारखं वाटलं.

तुझे अन् दिनकररावांचे उपकार मी विसरणार न्हाई. तू पाठवलंस तेव्हाच मला निम्मं मिळालं. पण वस्तू पडून राहण्यापरीस तुझ्या शाळेतल्या लेकरांना उपयोगी पडंल. दिवाळीला कुणी जाणारं असलं तर त्याच्यासंगं परत पाठवतो. मनाला लावून घेऊ नको.

सितारामला तुझा निरोप दिला. तो हसला अन् म्हणाला, "बाळ कसं हाय तेवढं विचारा."

चंद्रभान


सिकंदराबाद,
५ नोव्हेंबर १९९३

ती. मामा,

यंत्र परत पाठवू नका! आधी हे पत्र पूर्ण वाचा.

काल शाळेत एक मुलगी कीबोर्डवर बसली. ती मिशनच्या शाळेतून आलेली, पियानो शिकलेली, दोन्ही हात सगळ्या पट्ट्यांवर फिरवणारी. तिनं बसल्याबसल्या कुठलं तरी बटण दाबलं आणि वाजवायला लागली. डावीकडच्या भागाला ती हातच लावत नव्हती, दोन्ही हात उजवीकडे. आणि साथ तिच्यामागून बदलत होती! मी तिला थांबवलं, विचारलं काय केलंस. ती घाबरली. म्हणाली, "मॅडम, ते अर्ध्या पट्ट्या तोडतं ना, ते मला आवडत नाही. मी सगळी पट्टी एक केली."

मामा, आपल्याला हे माहीतच नव्हतं. साथ कुठून ओळखायची हे ठरवायचं त्याला वेगळं बटण आहे. नेहमीच्या पद्धतीत ते फक्त डावीकडे बघतं. दुसऱ्या पद्धतीत ते सगळ्या पट्ट्यांवर नजर ठेवतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही कुठंही वेगवेगळे तीन स्वर एकदम दाबले की ते म्हणतं, हा मेळ. एक किंवा दोन स्वर वाजवलेत तर त्याला ती चाल वाटते आणि आधीचा मेळ ते धरून ठेवतं. पुढचे तीन स्वर एकत्र येईपर्यंत सोडत नाही.

म्हणजे डाव्या हाताची गरजच नाही.

शाळा सुटल्यावर तिथंच मी डावा हात पाठीमागे धरून वाजवून पाहिलं. सा-ग-प एकदम दाबायचं, साथ लागली. मग एका बोटानं चाल. मध्यमावर जायचं आलं की म-ध आणि वरचा सा एकदम, की साथ तिकडे वळली. पुन्हा एका बोटानं चाल. कोमल गंधार घेतलात तर साथही कोमल होते. मला अजून अडखळायला होतं, मला दोन हातांची सवय झालेली. तुमचं बोट माझ्यापेक्षा हलकं आहे.

तुमच्या यंत्रावर ते बटण कुठं आहे हे त्या ऑर्केस्ट्रावाल्याला विचारून आले: पडद्याच्या खाली, डावीकडून तिसरं. दोनदा दाबायचं. बाजूचा लहान दिवा लागला की समजायचं. चित्र काढून दिलंय.

उत्तराची वाट बघते आहे. सासूबाईसुद्धा विचारतात, "मामांचं पत्र आलं का?"

कोकिळा


चुडावा,
१९ डिसेंबर १९९३

चि. कोकिळा,

दिवा लागला.

पत्राला उशीर झाला कारण मला नीट जमल्याशिवाय लिहायचं न्हवतं. आता जमलं असं न्हाई, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिल्या दिवशी तू सांगितल्याप्रमाणं सा-ग-प दाबलं अन् मग चाल घेतली. मुरकी आली की घोटाळा! पेटीवर आमची सवय अशी की पुढचं बोट पडल्याशिवाय मागचं उचलायचं न्हाई, म्हणून मुरकी घेताना तीन बोटं एका वक्ताला खाली येतेत. यंत्राला वाटतं मेळ बदलला. साथ भलतीकडंच उधळते, जत्रेत लेकरू हात सुटून पळावं तशी. तुझी मामी आतून हसायलेली मला ऐकू आली. कोकिळा, ती हसली. घरात हसणं ऐकून लय दिवस झाले हुते.

मग बोटांची सवय मोडली. मागचं बोट उचलायचं, तवाच पुढचं टाकायचं. या वयात पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. पण त्यातून एक सापडलं, ते तुला सांगतो. मेळ बदलायला चाल थांबवायची गरज न्हाई. चालीचा जो स्वर येणार हाय, तोच सगळ्यात वरचा ठेवायचा अन् त्याच्या खाली दोन बोटं टेकवायची. म्हणजे चाल बी तुटत न्हाई अन् मेळ बी बदलतो, दोन्ही एकाच टेकणीत. गाणाऱ्याला कळत बी न्हाई. तू करून बघ, तुझ्या लेकरांना सांग.

सिताराम ड्यूटी संपली की ओट्यावर येतो. पहिल्यांदा यंत्राचा ठेका ऐकून तो म्हणाला, "दादा, हे तुमचं मशीन मला घरी बसवायला निघालंय की काय!" मग आमी ठेक्याचा आवाज पार खाली केला, फक्त मेळाची साथ ठेवली. ठेका त्याच्या ढोलकीचा. त्यानं हात टाकला अन् यंत्र माणसात आल्यासारखं झालं.

गवळणीचा अंतरा सोबत लिहून पाठवतोय. आठवत न्हाई म्हणालो हुतो. आठवत हुता.

कोकिळा, माझा हात तुटला तवा सितारामनं जीव राखला. तू त्या जिवाला काम दिलंस. मी देवासमोर रोज हात जोडायचो, आता एकच टेकवतो. त्यात तुमा दोघांची नावं असतेत.

तुझा मामा


चुडावा,
२० फेब्रुवारी १९९४

कोकिळा बाई,

मधी पत्र न्हाई म्हणून काळजी करू नको. विद्यापीठाच्या नामांतराचं झालं अन् एष्ट्या बंद, टपाल बंद, गावागावात तणाव. आपल्या गावात तसं काई झालं न्हाई, पण कुणी कुणाशी बोलंना. येशीच्या अलीकडले अलीकडं, पलीकडले पलीकडं. बाजाराच्या गावाहून काई-बाई ऐकू यायचं. बौद्धवाड्यातल्या बाया आडावर येतानी घोळक्यानं यायच्या.

सितारामभाऊ महिनाभर ओट्यावर आले न्हाईत. किशनरावभावजी येऊन ह्यांना सांगून गेले, "चंद्रभान, दिवस बरे न्हाईत. त्याला ओट्यावर घेऊ नको. भावकीत बोलायलेत." हे यंत्रावरची धूळ पुसत राहिले. मला वाटलं ऐकलं.

मंग एक दिवस, भर दुपारी, ह्यांनी ते यंत्र काखेत मारलं अन् निघाले. मी म्हणलं, "कुठं?" तर म्हणले, "तो येत न्हाई तर मी जातो." मारुतीच्या पारावर सगळी भावकी बसलेली. तिच्या समोरून गेले. पहिल्यांदाच दिवसाउजेडी गावातून चालत गेले बाई, हात ग्येल्यापासून. मी दारात उभी राहून बघायलेय.

दिवस कलल्यावर आले. म्हणले, सिताराम दारातच उभा हुता, आत या म्हणाला न्हाई लवकर. म्हणला, "दादा, तुमचं घर तिकडं हाय, रान तिकडं हाय. तुमी कशाला तकलीफ घेता?" ह्यांनी म्हणलं, "तुज्या ढोलकीबिगर माझी साथ उधळायलीय." मंग आत घेतलं.

आता ते म्हणायलेत, चौदा एप्रिलला सितारामाच्या गाण्याला मी साथ करणार. जयंतीला. आपल्या घरातला माणूस तिथं कंदी बसला न्हाई. मला भ्या वाटतंय. तू काई तरी लिव त्यांना, तुजं ऐकतेत.

मामी


सिकंदराबाद,
६ मार्च १९९४

ती. मामी,

तू म्हणालीस म्हणून मामांना थांबवणारं पत्र लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या.

ज्या माणसानं नोकरीची पर्वा न करता मालगाडी थांबवली, त्याच्या गाण्याला मामांनी साथ करायची नाही, असं मी कुठल्या तोंडानं लिहू? मलाही भीती वाटते. तुझ्याइतकीच. पण त्या दिवशी तू त्यांच्याबरोबर जा. एकटं बसवू नकोस त्यांना.

सेलचा एक संच पाठवते आहे. वीज गेली तर गाणं थांबायला नको.

कोकिळा


चुडावा,
१८ एप्रिल १९९४

चि. कोकिळा,

जयंती झाली. तुझी मामी सोबत आली हुती, नवं लुगडं नेसून. वाटेत मला म्हणाली, "भ्या वाटायलंय." मी म्हणालो, मला बी. अन् गेलो.

सकाळी झेंडावंदन झालं. निळे झेंडे, लेकरांच्या कपाळाला निळा गुलाल. मांडवात मी यंत्र लावून बसलो, तेवढ्यात एक तरणा पोरगा उभा राहिला. परभणीला कॉलेजात शिकतो. सगळ्यांसमोर म्हणाला, "जानेवारीत ज्यांनी दारं लावून घेतली त्यांची साथ आपल्याला कशाला पाहिजे?"

मांडवातल्या माना माझ्याकडं वळल्या. मला त्याचा राग आला न्हाई. तो खोटं बोलत न्हवता. सिताराम काही बोलायच्या आत मीच उठून म्हणालो, "तुझं बरोबर हाय. मी साथ करायला आलोय, मान घ्यायला न्हाई. तुमी नको म्हणालात तर खाली बसून ऐकतो. पण जाणार न्हाई."

तवा सितारामची आई चतुराबाई पुढून बोलली. म्हातारीला नीट दिसत न्हाई, पण आवाज खणखणीत. "माझ्या लेकानं लाल झेंडा दावून गाडी थांबवली ती ह्याला खाली बसवायला का? वाजव रं." पोरगं खाली बसलं. पण हसलं न्हाई. ते बी बरोबरच.

सितारामचं गाणं त्याचं स्वतःचं. गँगमनच्या पोरीच्या हातात पाटी येते, त्याचं. सुरुवात तो ढोलकीशिवाय करतो, नुसता आवाज. मी एका बोटानं त्याच्यामागं चाललो. मग जिथं पोरीला पहिलं अक्षर लिहिता येतं तिथं तीन बोटं टाकली, साथ उठली अन् त्याच वक्ताला त्याची ढोलकी पडली. बाया रडायल्या. मला माझी बोटं दिसंनात.

मधीच वीज गेली. तुझे सेल घातलेले हुते. गाणं तुटलं न्हाई. त्यासाठी वेगळे आभार.

शेवटी ते कॉलेजातलं पोरगं माझ्याजवळ आलं. म्हणालं, "काका, एका हातानं साथ कशी बदलते?" मी दाखवलं. ते बसून बघत राहिलं. माफी न्हाई, गोड बोलणं न्हाई, फक्त नीट बघितलं. मला तेवढं लय झालं.

भावकीत काय बोलायलेत ते तुला सांगत बसत न्हाई. किशनरावदादा माझ्या दारावरून मान फिरवून जातो. आयुष्यभर मी त्याच्या आवाजामागं बसलो, त्याचा श्वास कुठं तुटतो हे मला ठाऊक. त्याचं दुःख हाय, पण पस्तावा न्हाई.

तुझा मामा


चुडावा,
५ जून १९९४

कोकिळा बाई,

आज हे रानात गेलेत, म्हणून मी लिवायलेय. दिवसाचे गेलेत, अंधाराचे न्हाई.

आता ओट्यावर रोज सांजच्याला बसतेत. पोरीबी यायल्यात शिकायला, आपल्या आळीतल्या बायनाबाईची नात अन् बौद्धवाड्यातल्या दोघी. भावकीतल्या काही बाया आधी नाक मुरडायच्या. आता निवडायला सूप घेऊन इथंच येतेत, ऐकत बसतेत.

परवा काय झालं ते सांगायसाठी हे पत्र. हे अन् सितारामभाऊ वाजवायले हुते, तीच आपली गवळण. अन् किशनरावभावजी वाटेनं आले. जयंतीपासून ह्या दारात पाय ठेवला न्हवता. वाटेवरच थांबले. मी चुलीपुढून उठून बघायलेय, आता काय भांडण हुतंय का काय. ह्यांनी वाजवायचं सोडलं न्हाई, मानबी वर केली न्हाई.

भावजी लय येळ उभे राहिले. मंग वहाणा काढल्या, ओट्याच्या कडंला टेकले. अंतरा आला अन् त्यांनी गायला तोंड उघडलं. वर गेला आवाज अन् फाटला. खोकला आला. साऱ्या पोरी बघायल्या. मला वाटलं आता उठून जातेत.

तर खाली बघत म्हणले, "जरा उतरवून घ्या. वर जात न्हाई आता."

ह्यांनी एक बटण दाबलं, यंत्राचा सूर खाली आला. त्याला काय, बटणावर उतरतो. पण ढोलकी बटणावर उतरत न्हाई. ती हातानं उतरवावी लागती, अन् ती सितारामभाऊच्या मांडीवर. भावजी त्यांच्याकडं बघायले. जानेवारीत त्याला ओट्यावर घेऊ नको म्हणणारे हेच, अन् सितारामभाऊला ते ठाऊक हाय. ह्यांचं बोट पट्टीवर तसंच थांबलेलं.

सितारामभाऊंनी भावजीकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मंग ढोलकी आडवी घेतली अन् दोरीवरची एकेक कडी सैल करायला लागले.

तुजी मामी,
केशरबाई